काळी खिडकी घालवताना

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांचे द्राक्षांचे लहानसे पॅकहाऊस आहे. हंगामात पहाटेपासून बागेतले क्रेट येत राहतात, मणी साफ होतात, पनेट म्हणजे छोटे डबे भरले जातात आणि पेटी प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, जाण्याआधी तिच्यावर प्लॉट, जात, वजन आणि तारीख असलेले लेबल चिकटवावे लागते. हे लेबल पूर्वी हाताने लिहिले जाई. तीन हंगामांपूर्वी मी त्यांना पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तो इलेक्ट्रॉनिक काट्याकडून सीरियल केबलने वजन घेतो, पडद्यावर मोठ्या आकड्यात दाखवतो आणि ‘छापा’ हे बटण दाबले की लेबलच्या प्रिंटरकडे मजकूर पाठवतो. पडद्यावरच्या खिडकीसाठी पायथनबरोबर येणारे टीकेइंटर आणि काट्याशी बोलण्यासाठी पायसीरियल, एवढ्यावर भागले. लिहायला दोन रविवार लागले. त्या खिडकीमागे उघडणारी दुसरी, काळी खिडकी नीट घालवायला मात्र जवळजवळ एक हंगाम गेला, आणि त्याचीच ही हकिगत आहे.

विंडोजवर डॉट पीवाय अशा नावाच्या फाइलवर डबल क्लिक केले की आधी काळी कन्सोल खिडकी, म्हणजे नुसता मजकूर दाखवणारी खिडकी, उघडते आणि मग तिच्यापुढे आपली खरी खिडकी येते. माझ्या घरी, नाशिकच्या इंदिरानगरला, ती मला कधीच खटकली नव्हती. उलट प्रोग्रॅम काय करतो आहे ते तिच्यात दिसत असल्याने ती हवीच होती. पॅकहाऊसमध्ये लेबलांचे काम पाहणाऱ्या ताईंना मात्र तिचा काहीच उपयोग नव्हता. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “दादा, ते काळं परत आलं बघा. मी बंद केलं तर आपलं वजनाचं पण गेलं.” त्यांचे काही चुकले नव्हते. कन्सोलची खिडकी बंद केली की विंडोज त्या कन्सोलला जोडलेल्या प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, बंद होण्याचा इशारा देते आणि थोड्याच वेळात ती संपवून टाकते. खिडकी जरी मागे पडलेली, निरुपयोगी दिसत असली, तरी प्रोग्रॅमचा जीव तिच्यात अडकलेला असतो.

“ती खिडकी बंद करू नका, फक्त खाली करा,” असे सांगून मी वेळ मारून नेली. चारच दिवसांत दुसरी तक्रार आली, आणि ही पहिलीपेक्षा चमत्कारिक होती. प्रोग्रॅम बंद पडत नव्हता, पण वजनाचा आकडा मध्येच गोठून बसायचा, बटणे दाबली जायची नाहीत, आणि काही वेळाने, कुणीतरी एंटर दाबले की, जणू काही झालेच नाही अशा थाटात सगळे पुन्हा सुरू व्हायचे. मी केबल बदलायला लावली, काट्याची सेटिंग तपासली आणि शेवटी गाडी काढून सुमारे २५ किलोमीटरवरच्या पॅकहाऊसवर जाऊन शेजारी बसलो. तासाभरात कारण डोळ्यांसमोर घडले. ताईंनी काळी खिडकी बाजूला सरकवण्यासाठी तिच्या मधोमध क्लिक केले, तिच्या शीर्षकापुढे ‘सिलेक्ट’ असा शब्द उमटला आणि वजन जागच्या जागी थांबले.

हा ‘क्विक एडिट’ या सोयीचा प्रताप होता. विंडोज १० च्या कन्सोलमध्ये ही सोय मुळातच चालू असते. खिडकीत क्लिक केले की मजकूर निवडण्याची तयारी सुरू होते, आणि निवड चालू असेपर्यंत कन्सोल नवा मजकूर स्वीकारत नाही. त्या काळात प्रोग्रॅमने काहीही छापायचा प्रयत्न केला, तर तो त्या प्रिंटच्या ओळीवरच ताटकळत उभा राहतो. माझा प्रोग्रॅम प्रत्येक वजनासरशी एक ओळ कन्सोलवर टाकत होता, म्हणजे एका चुकीच्या क्लिकनंतर सेकंदाच्या आत त्याचे पाय बांधले जाणार हे ठरलेलेच होते. एंटर किंवा एस्केप दाबले की निवड सुटते आणि गाडा पुढे चालू लागतो. त्या दिवशी परत येताना मी ठरवले की ही खिडकी आता खाली करायची नाही, लपवायचीही नाही. ती जन्मालाच यायला नको.

त्यासाठी ती जन्माला का येते हे आधी नीट समजून घ्यावे लागले. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई, म्हणजे थेट चालणाऱ्या, फाइलच्या आरंभीच्या शीर्षभागात ‘सबसिस्टिम’ नावाचा एक छोटा आकडा असतो. तो ३ असेल तर तो कन्सोलचा प्रोग्रॅम, २ असेल तर खिडक्यांचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम सुरू करताना विंडोज हा आकडा पाहते. तो ३ असेल आणि सुरू करणाऱ्याकडे स्वतःचा कन्सोल असेल, तर नवा प्रोग्रॅम तोच कन्सोल वापरतो. सुरू करणाऱ्याकडे तो नसेल, जसा डबल क्लिक करताना एक्सप्लोररकडे, म्हणजे फायली दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमकडे, नसतो, तर विंडोज त्याच्यासाठी नवा कन्सोल उघडून देते. आकडा २ असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. यातली गंमत अशी की आपल्या स्क्रिप्टला असा शीर्षभाग नसतोच. ती साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात आपण कितीही सुंदर खिडकी रंगवलेली असली तरी विंडोजला त्याचा पत्ता नसतो. ते पाहते फक्त स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या इंटरप्रिटरकडे, आणि पायथन डॉट ईएक्सई या फाइलवर ३ लिहिलेले असते. मी कोडमध्ये पहिल्याच ओळीला कन्सोल लपवण्याची आज्ञा घालून पाहिली होती, ती खिडकी एकदा चमकून मगच का नाहीशी होत होती याचा उलगडा इथे झाला: माझी पहिली ओळ वाचली जाण्याआधीच तिचा जन्म झालेला असे.

म्हणून पायथनच्या फोल्डरमध्ये, पायथन डॉट ईएक्सईच्या शेजारीच, पायथनडब्ल्यू डॉट ईएक्सई नावाची जुळी फाइल ठेवलेली असते. दोन्ही आकाराने लहान असतात आणि खरे काम करणाऱ्या एकाच डीएलएलला, म्हणजे सामायिक कोडच्या फाइलला, हाक मारतात. महत्त्वाचा फरक त्या आकड्याचा, एकीवर ३ आणि दुसरीवर २. स्क्रिप्टच्या नावाचा शेवट डॉट पीवायऐवजी डॉट पीवायडब्ल्यू असा केला की डबल क्लिकवर ही दुसरी फाइल धावते. पायथन ३.३ पासून विंडोजवर जो वेगळा लाँचर येतो, त्याच्याही पीवाय आणि पीवायडब्ल्यू अशा दोन आवृत्त्या याच कारणासाठी आहेत. हे एकट्या पायथनचे वैशिष्ट्य नाही. जावाच्या शेजारी जावाडब्ल्यू असते, पर्लच्या शेजारी डब्ल्यूपर्ल, आणि विंडोजच्या स्वतःच्या स्क्रिप्ट होस्टचेही सीस्क्रिप्ट व डब्ल्यूस्क्रिप्ट असे दोन अवतार असतात. पायथनचा संपादक आयडल इतकी वर्षे काळ्या खिडकीशिवाय उघडत आला आहे तोही याच मार्गाने. त्याच्या शॉर्टकटचे गुणधर्म मी पूर्वीच उघडून पाहिले असते तर माझे बरेच श्रम वाचले असते.

मी मात्र आधी आडवाटांनी गेलो होतो, आणि कुणी त्या वाटेवर असेल तर त्याने वळावे एवढ्यासाठी त्या थोडक्यात सांगतो. बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची यादी, ही विंडोजच्या सीएमडी या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडून चालते आणि सीएमडी स्वतःच कन्सोलचा प्रोग्रॅम आहे, त्यामुळे बॅच फाइलने काळी खिडकी घालवणे म्हणजे धूर घालवण्यासाठी चूल पेटवणे. तिच्यातून स्टार्ट ही आज्ञा देऊन पायथनडब्ल्यू सुरू केले तर खिडकी क्षणभर दिसून मिटते, पण दिसतेच. शिवाय स्टार्ट ही आज्ञा अवतरणचिन्हांतला पहिला मजकूर खिडकीचे शीर्षक समजते, त्यामुळे फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल आणि पत्ता अवतरणात घातला असेल, तर आधी एक रिकामी अवतरणचिन्हांची जोडी टाकावी लागते; हे न कळल्याने मी एक संध्याकाळ घालवली आहे. पॉवरशेलला खिडकी लपवण्याचा पर्याय देता येतो, पण पॉवरशेलही कन्सोलचाच प्रोग्रॅम असल्याने तीच चमक तिथेही आहे. व्हीबीस्क्रिप्टच्या दोन ओळींनी, रन या पद्धतीला खिडकीच्या जागी शून्य देऊन, काम खरोखर स्वच्छ होते आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही हाच उपाय सुचवला जातो. परंतु मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केलेले असताना नवे काम त्याच्या खांद्यावर टाकणे मला पटले नाही.

अखेर जे केले ते अगदी साधे होते. डेस्कटॉपवर एक शॉर्टकट तयार केला, त्याच्या ‘टार्गेट’मध्ये पायथनडब्ल्यूचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे अवतरणात स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहिला, आणि ‘स्टार्ट इन’मध्ये प्रोग्रॅमचे फोल्डर दिले. ही शेवटची जागा रिकामी सोडू नये, कारण लेबलचा साचा किंवा प्लॉटची यादी अशा फायली स्क्रिप्ट नुसत्या नावाने उघडत असेल, तर त्या शोधायच्या कुठे हे या जागेवरून ठरते. शॉर्टकटला हिरव्या घडाचे चित्र लावले. मी तो चालवून पाहिला, एकच खिडकी उघडली, आणि अत्यंत समाधानाने मी नाशिकला परत निघालो.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापर्यंतही पोचलो नव्हतो, तोच फोन आला. आता एका काळ्या खिडकीच्या जागी दर लेबलला एक काळी खिडकी चमकत होती, आणि दिवसाला काही शे लेबले निघत होती.

याचे कारण वर सांगितलेल्या नियमातच दडलेले होते, फक्त मी तो नियम अर्धाच वाचला होता. लेबल छापण्यासाठी माझा प्रोग्रॅम प्रिंटरच्या भाषेतला मजकूर एका फाइलमध्ये लिहून, सीएमडीची कॉपी ही आज्ञा बायनरी पद्धतीने वापरून ती फाइल शेअर केलेल्या प्रिंटरकडे ढकलत असे. लेबलच्या प्रिंटरांबाबत ही युक्ती सर्रास वापरली जाते. जोपर्यंत माझा प्रोग्रॅम पायथन डॉट ईएक्सईखाली चालत होता, तोपर्यंत त्याच्याकडे स्वतःचा कन्सोल होता आणि त्याने सुरू केलेली सीएमडी निमूटपणे त्याच कन्सोलमध्ये सामावून जात होती. पायथनडब्ल्यूकडे कन्सोल नाही. तेव्हा सीएमडीसाठी विंडोजला दर वेळी नवा उघडावा लागत होता. चमक डोळ्यांना त्रास देई हे एक, आणि त्याहून वाईट म्हणजे नव्याने उघडलेली खिडकी कीबोर्ड आपल्याकडे खेचून घेई. ताई पुढच्या प्लॉटचा क्रमांक भराभर टाइप करत असत, त्यातला मधला एखादा अंक त्या चमकलेल्या खिडकीत पडून तिच्याबरोबर नाहीसा होई. ४१२ च्या जागी ४२ छापले गेलेली लेबले त्या संध्याकाळी पाच-सहा पेट्यांवरून सोलून काढावी लागली. मामा त्यावर काही बोलले नाहीत, पण त्यांनी लेबले सोलतानाचा फोटो मला पाठवला.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे. दुसरा प्रोग्रॅम सुरू करताना विंडोजला ‘क्रिएट नो विंडो’ असा झेंडा, म्हणजे सूचना, देता येतो, म्हणजे कन्सोल मिळतो पण त्याची खिडकी दिसत नाही. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमध्ये हे नाव २०१८ साली आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून तयार मिळते. त्याआधीच्या आवृत्तीत त्याचा आकडा हाताने लिहावा लागे. याच ठिकाणी दुसऱ्या प्रोग्रॅमच्या इनपुटची, आउटपुटची आणि चुकांच्या मजकुराचीही सोय स्पष्ट सांगून टाकावी, इनपुट रिकामे द्यावे आणि बाकीचे दोन पकडून ठेवावेत, कारण ज्याच्याकडे स्वतःच कन्सोल नाही त्याच्याकडून ते वारशाने मिळतील या भरवशावर राहण्यात अर्थ नसतो. मी पुढे कॉपीची आज्ञा काढून थेट विंडोजच्या प्रिंट स्पूलरला, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या भागाला, मजकूर देऊ लागलो आणि सीएमडीचा संबंधच संपवला, तो भाग निराळा.

यानंतर दोन दिवस शांतता होती, आणि ती शांतता हाच पुढचा दोष होता. पायथनडब्ल्यूखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमला बोलायला तोंडच नसते. पायथन ३ मध्ये अशा वेळी सिस्टिमचे स्टँडर्ड आउटपुट आणि एरर हे दोन्ही ‘नन’ असतात, म्हणजे तिथे काहीच जोडलेले नसते. प्रिंटची आज्ञा हे पाहून गुपचूप परत फिरते, काही तक्रार करत नाही. मात्र कुणी थेट त्या आउटपुटच्या नावाने लिहायला गेले तर ‘नन’ला लिहिता येत नाही म्हणून चूक उद्भवते, आणि ती चूक सांगायलाही जागा नसते. प्रगतीचे पट्टे दाखवणाऱ्या किंवा आपण टर्मिनलवर आहोत का असे विचारणाऱ्या काही लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) नेमक्या इथे कोसळतात. टीकेइंटरमध्ये बटणामागच्या कोडमध्ये चूक झाली तर ते तिचा वृत्तांत एररच्या वाटेने छापते आणि खिडकी चालू ठेवते. ती वाटच बंद असली की बटण दाबले जाते, खाली जाते, वर येते आणि काहीही घडत नाही. ताईंचे शब्द होते, “बटन रुसलंय.” याहून नेमके वर्णन मला करता आले नसते.

म्हणून मी आउटपुट एका लॉग फाइलकडे, म्हणजे नोंदींच्या फाइलकडे, वळवले आणि स्वतःच एक नवीन चूक पैदा केली. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, सांगायचे राहिले. इंग्रजी विंडोजवर पायथन अशा वेळी जुन्या पाश्चात्त्य १२५२ या कोडपेजचा आधार घेते आणि त्यात देवनागरीचे एकही अक्षर बसत नाही. कन्सोल होता तोपर्यंत हे कधी जाणवले नाही, कारण ३.६ पासून पायथन विंडोजच्या कन्सोलशी युनिकोडमध्येच बोलते. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तरी प्रोग्रॅम अडत नाही. आता मात्र शेतकऱ्याचे नाव मराठीत असलेली पहिलीच ओळ लॉगमध्ये जाताना प्रोग्रॅमला अडवणारी चूक उसळली, आणि ती ओळ लेबल छापण्याच्या आज्ञेच्या आधी असल्याने लेबलही निघाले नाही. ज्यांची नावे यादीत इंग्रजीत टाइप केलेली होती त्यांची लेबले व्यवस्थित निघत होती, त्यामुळे अर्धा दिवस सगळ्यांनी दोष यादीला दिला. लॉग फाइल उघडताना यूटीएफ-८ लिहिणे, प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर जाईल अशी सोय करणे आणि ती फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये न ठेवता वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवणे, जिथे लिहिण्याची परवानगी नक्की असते, एवढ्याने हे प्रकरण मिटले.

तिसरे प्रकरण सगळ्यांत चिवट निघाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ताई प्रोग्रॅम बंद करत आणि परत आल्यावर उघडत. अशा वेळी अधूनमधून खिडकी उघडे पण वजन येत नसे. संगणक बंद करून चालू केला की सगळे ठीक. मी दूरवरून पडदा पाहत टास्क मॅनेजर उघडायला सांगितले, तर तिथे पायथन नावाच्या तीन प्रोसेस रांगेत उभ्या होत्या, पडद्यावर खिडकी मात्र एकच.

झाले होते ते असे. काट्याकडून वजन वाचण्याचे काम मी एका स्वतंत्र थ्रेडला, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याला, दिले होते, म्हणजे केबलकडून उत्तर येण्यास वेळ लागला तरी खिडकी अडकत नाही. मुख्य खिडकी बंद केली की टीकेइंटरचे काम संपते, पण पायथन बाकीचे थ्रेड संपण्याची वाट पाहते, आणि माझा वजन वाचणारा थ्रेड कधीच संपणारा नव्हता. खिडकी गेली तरी प्रोसेस जिवंत राहिली, तिने काट्याच्या केबलचा कॉम ३ हा पोर्ट धरून ठेवला, आणि विंडोजवर असा पोर्ट एका वेळी एकाच प्रोसेसला उघडता येत असल्याने नंतर आलेल्या प्रत्येकीला परवानगी नाकारली गेली. हा दोष पहिल्या दिवसापासून कोडमध्ये होता. मग तो आधी का दिसला नाही? कारण तेव्हा खरी खिडकी बंद केल्यावरही काळी खिडकी मागे उरत असे, आणि ताई कंटाळून तीही बंद करत असत. ज्या सवयीबद्दल मी त्यांना फोनवर दोनदा समजावले होते, ती सवयच रोज दुपारी माझ्या कोडमधला हा कचरा साफ करत होती.

दुरुस्ती करताना थ्रेडला नुसते ‘डेमन’, म्हणजे ज्याच्यासाठी पायथन थांबत नाही असा, म्हणून सोडून देण्याचा मोह झाला होता. त्याने प्रोसेस संपते, पण पोर्ट नीट बंद केला जात नाही. त्याऐवजी खिडकी बंद होण्याच्या क्षणी आधी थ्रेडला थांबण्याची खूण द्यायची, तो संपेपर्यंत दोन सेकंद वाट पाहायची, पोर्ट बंद करायचा आणि मगच खिडकी नष्ट करायची असा क्रम लावला. शिवाय सुरुवातीलाच पोर्ट उघडून पाहायचा आणि नकार आला तर ‘प्रोग्रॅम आधीच चालू आहे’ असा संदेश दाखवून थांबायचे. एकाच वेळी दोन प्रती चालू न देण्यासाठी जाणकार लोक म्युटेक्स नावाचे कुलूप वापरतात. मी काट्याच्या पोर्टलाच कुलूप मानले. सुरू व्हायला तीन-चार सेकंद लागतात आणि तेवढ्यात पडद्यावर काहीच दिसत नसल्याने लोक हमखास पुन्हा डबल क्लिक करतात, त्यालाही यामुळे आळा बसला. काळी खिडकी निदान काहीतरी सुरू झाले आहे असे सांगत असे, हे तिचे उपकार या वेळी आठवले.

या सगळ्यानंतर माझ्या प्रोग्रॅमची रचना बदलली. डॉट पीवायडब्ल्यू फाइल आता जेमतेम वीस ओळींची आहे. ती आधी लॉग फाइल उघडते, आउटपुट आणि एरर तिकडे वळवते, न पकडलेल्या चुकांसाठी स्वतःचा हुक, म्हणजे चूक झाली की आपोआप चालणारा कोड, बसवते, थ्रेडमधल्या चुकांसाठी ३.८ पासून मिळणारा वेगळा हुक बसवते, टीकेइंटरच्या बटणांमागच्या चुका संदेशाच्या चौकटीत दाखवण्याची सोय लावते, आणि हे सर्व झाल्यावरच, चुका पकडण्याच्या कुंपणात, खरा प्रोग्रॅम दुसऱ्या फाइलमधून आयात करते. ही दोन फायलींची विभागणी शोभेसाठी नाही. मुख्य फाइलमध्येच एखादा कंस राहून गेला, तर पायथन तिची एकही ओळ चालवण्याआधी हात वर करते. लॉग उघडणारी ओळही त्याच फाइलमध्ये असेल तर तीही कधी चालत नाही, आणि डबल क्लिक केल्यावर पडद्यावर शब्दशः काहीही घडत नाही. खरा प्रोग्रॅम वेगळ्या फाइलमध्ये असला की तिथली अशी चूक लहान फाइलच्या कुंपणात सापडते आणि लॉगमध्ये उतरते.

कुणी विचारील की एवढा खटाटोप करण्यापेक्षा पायइन्स्टॉलरने सरळ ईएक्सई का केली नाही. तीही करून पाहिली. तिच्यात ‘विंडोड’ हा पर्याय दिला की तयार होणाऱ्या फाइलवर तोच २ हा आकडा बसतो, आणि आउटपुट ‘नन’ असण्यासकट वरच्या सगळ्या गोष्टी जशाच्या तशा लागू होतात. एकाच फाइलची ईएक्सई दर वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडत असल्याने आणखी सावकाश सुरू होते, आणि पॅकहाऊसच्या संगणकावरच्या अँटिव्हायरसने तर ती दोनदा उचलून बाजूला ठेवली. ज्यांना आपला प्रोग्रॅम पिप या पायथनच्या साधनाने बसवता येण्याजोगा करायचा आहे त्यांनी प्रकल्पाच्या टॉमल फाइलमध्ये नुसत्या स्क्रिप्टच्या ऐवजी जीयूआय स्क्रिप्टचा विभाग वापरावा. मग पिप विंडोजवर आपोआप बिनकन्सोलची ईएक्सई तयार करते. लिनक्सवर हा प्रश्न जवळजवळ नाहीच. तिथे प्रोग्रॅमच्या फाइलवर असा काही शिक्का नसतो, आणि डॉट डेस्कटॉप फाइलमध्ये टर्मिनलपुढे फॉल्स लिहिले की काम होते.

सध्या त्या संगणकावर दोन शॉर्टकट आहेत. घडाच्या चित्राचा शॉर्टकट रोजच्या कामासाठी, पायथनडब्ल्यूचा. दुसरा ‘दुरुस्ती’ या नावाचा, तो मुद्दाम सीएमडीला स्लॅश के देऊन पायथन डॉट ईएक्सईने उघडतो, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला तरी काळी खिडकी मागे राहते आणि शेवटच्या ओळी वाचता येतात. मागच्या फेब्रुवारीत एकदा लेबले निघेनाशी झाली तेव्हा ताईंनी मी सांगण्याआधीच तो उघडला होता आणि त्या फोनवर एकेक अक्षर सुटे करून वाचत होत्या, “एफ, आय, एल, ई, मग एन, ओ, टी…” मी म्हटले, “ताई, लेबलचा साचा कुणीतरी हलवलाय, डेस्कटॉपवर बघा.” तो तिथेच होता, द्राक्षांच्या भावाच्या एका पीडीएफशेजारी.